दोन बोटं

वडिलांच्या जुन्या मोटरसायकलचं क्लचचं झाकण निघालं आणि जळका वास अंगणभर झाला. तिने एकेक प्लेट काढून वर्तमानपत्रावर ठेवली. झिजून गुळगुळीत झालेल्या. मधल्या पोलादी चकत्या तापून निळ्या पडलेल्या.

वरच्या मजल्यावरून काका खाली आले. वडील जाऊन महिना व्हायचा होता आणि काकांच्या नव्या कारला अंगणात जागा हवी होती. संध्याकाळी भंगारवाला येणार होता. त्याला बोलावून झाल्यावर काकांनी तिला सांगितलं होतं.

प्लेटा पाहून ते हसले. दादाने उभा जन्म हाफ क्लचवर काढला, म्हणाले. क्लचच्या लिव्हरवरची दोन बोटं कधी उचलली नाहीत. त्याच्यामागे बसलं की पायी चालणारे पुढे निघून जायचे.

"दादाला गाडी चालवता आलीच नाही. तू कशाला हात काळे करतेस, पोरी?"

तिने मान वर केली नाही. तेलात भिजवलेल्या नव्या प्लेटा चकत्यांशी एकाआड एक बसवल्या. समोरासमोरचे बोल्ट धरून थोडेथोडे आवळले, वडिलांनी शिकवलं होतं तसे. झाकण लावलं, तेल भरलं, केबलला बेताची ढील ठेवली. मग चिंधीला हात पुसत काकांसमोर उभी राहिली.

"आईला मागे बसवून बाबा कसे चालवायचे, आठवतं?"

उत्तराची वाट न पाहता तिनेच सांगितलं.

"सुसाट. आई पाठीत बुक्की घालायची. ही दोन बोटं तुमच्या कमरेच्या ऑपरेशननंतरची, काका. दोन वर्षं रोज तुम्हाला ऑफिसला सोडलं त्यांनी. तुम्हाला हिसका बसू नये म्हणून जळल्यात या प्लेटा. पुढे ती सवय गेली नाही, एवढंच."

काकांनी प्लेटांकडे पाहिलं, मग फाटकाकडे. भंगारवाल्याला शब्द देऊन बसलोय, असं काहीतरी पुटपुटले.

"मग तो शब्द मोडायलाही तुम्हीच चला त्याच्याकडे. बसा मागे."

तिने किक मारली. काका जुन्या सवयीने एक हात कमरेवर ठेवून बसले.

"नीट धरा. या प्लेटा मी कुणासाठी जाळणार नाही."

फाटकाबाहेर खड्डा होता. तो जवळ आला तशी तिची दोन बोटं आपसूक लिव्हरवर गेली.