पिवळी लोकर

"काळा, परका. आपल्यासारखा नाही तो," असं म्हणत आईने दोन वर्षं लेकीच्या त्या डॉक्टरला उंबरा ओलांडू दिला नव्हता. आज मात्र ती लोकर आणि सुया घेऊन बसली. माप विचारायची गरजच नव्हती; तो लेकीला फाटकापर्यंत सोडायला यायचा, तेव्हा पडद्याआडून बघून बघून त्याचे खांदे तिला पाठ झाले होते.

"त्याच्या रंगावर पिवळा खुलेल ना गं?"

लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काल मायदेशी परत गेला तो, आई. कायमचा. त्याची आई तिकडे एकटीच असते. मला चल म्हणत होता."

"मग गेली का नाहीस?"

"तुला एकटीला टाकून?"

आईच्या सुया थांबल्या.

"अगं, मग अगदी आपल्यासारखाच होता की तो."