चेहरा गुप्त ठेवणारं गाव

पुण्याहून सुट्टीला आलेल्या प्रसेनजितने धाड गावच्या समाजमंदिरात सगळ्यांना समजावलं, "तुम्ही हौसेनं सोशल मीडियावर फोटो टाकता, अन् ती ॲपवाली कंपनी न विचारता तुमचा चेहरा साठवून ठेवते. उद्या भर बाजारातूनही ती तुम्हाला नावानिशी हुडकून काढेल."

सगळ्यांत जास्त किसनराव हादरले. त्यांनी बसल्या जागी मोबाईलवरून नातवाच्या बारशापासूनचे सगळे फोटो उडवले आणि उठून गरजले, "आजपासून गावातल्या एकाचाबी चेहरा कंपनीले द्याचा नाही म्हंजे नाही!" बेचाळीस हात वर झाले.

दोनच दिवसांत एसटी स्टँडवर वीस फुटी फ्लेक्स लागला: ‘चेहरा गुप्त ठेवणारं पहिलं गाव!’ वर हात जोडलेला प्रसेनजित, खाली बेचाळीस शुभेच्छुकांचे हसरे चेहरे आणि प्रत्येकाखाली नाव, मोबाईल नंबर.

प्रसेनजितने कपाळावर हात मारला. तेवढ्यात त्याला फ्लेक्सखाली संतापलेले किसनराव दिसले. चला, निदान एकाला तरी कळलं, असं वाटून तो लगबगीने त्यांच्याजवळ गेला.



"पाह्यलं का बे," किसनराव कडाडले, "माहा फोटो केवढासा छापला! याच्यात मले वळखनार कोन?"