पुलाच्या मधोमध

पुलावर अजून कोणी पाऊल ठेवलं नव्हतं, पण खाडीच्या दोन्ही काठांवरची माणसं संगणकात त्यावरून कित्येक वर्षं चालून झाली होती. आराखडा करण्याआधी इंजिनीअर अस्मिताने घरोघर फिरून प्रत्येकाची प्रतिकृती घेतली होती. चाल, वजन, डोक्यावरची माशांची पाटी, अगदी स्वभावसुद्धा. संगणकातला पूल हलायचा तो मधोमध. दर बाजाराला अलीकडची गुणाबाई आणि पलीकडची द्रौपदाबाई तिथेच गप्पा मारत थांबायच्या आणि मागे गर्दी तुंबायची.

"तुमचा प्रोग्रॅम चुकलाय," सरपंच हसले होते. "त्या सख्ख्या जावा. वाटणी झाल्यापासून एकमेकींचं तोंड बघत नाहीत."

अस्मिताने दोघींच्या प्रतिकृती पुसून नव्याने केल्या. त्या पुन्हा तिथेच थांबल्या. शेवटी तिने हात टेकले, पूल मध्ये रुंद केला आणि कठड्याला लागून बाक टाकला.

आज नारळ फुटला आणि दोन्हीकडून माणसं निघाली. अस्मिताचा जीव टांगणीला लागला. गुणाबाई मधोमध आली आणि पाटी उतरवून बाकावर टेकली. समोरून द्रौपदाबाई आली ती मान फिरवूनच, आणि तशीच पुढे गेली.

अस्मिताचा चेहरा पडला.

जराशी पुढे जाऊन द्रौपदाबाई थांबली. वळून करवादली, "अगो, बाकभर पसरून काय बसलीस? सरक जरा."

गुणाबाई सरकली. गर्दी बाजूने वाट काढत गेली. पूल जरासुद्धा हलला नाही.