टेप तिथे भोक

कर्टने बाथरूमच्या दाराच्या वर निळ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि बर्निसबाईंचा बटाटा सोलणारा हात थांबला.

"इथेसुद्धा?"

"आई, म्हातारी माणसं बाथरूममध्येच पडतात. आकडेवारी आहे."

आकडेवारी म्हणे. छप्पन्न वर्षांचा हा दीडशहाणा अजून बुटाच्या नाड्या लोंबकळत ठेवून हिंडतो, आणि फीनिक्सच्या उन्हातून डुलुथच्या थंडीत येऊन आईला पडण्याचे धडे देतो. तीन दिवस तो वृद्धाश्रमाची रंगीत पुस्तिका टेबलावर 'विसरत' होता, रोज नव्या पानावर उघडी. बर्निसबाईंना काही सांगावं लागत नव्हतं. पोराला त्या या घरातून बाहेर हव्या होत्या आणि त्याआधी घरभर कॅमेऱ्यांचे डोळे बसवायचे होते.

वायरिंगवाल्या लाहतीची पद्धत साधी होती. आधी मालकाने घरभर फिरून टेप लावायची. टेप असेल तिथे भोक पाडून केबल ओढायची, नसेल तिथे ड्रिल टेकवायचंसुद्धा नाही. टेपचं रीळ कर्टने त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं होतं. जिन्यावर, बैठकीत, पुढच्या दारावर, आईच्या पलंगाच्या डोक्याशी, बाथरूम धरून मिळून पाच तुकडे झाले. स्वयंपाकघरातला भिंतीवरचा फोन 'भंगार' म्हणून वायरसकट उपटायला सांगूनही झालं.

लाहतीने कागद पुढे केला. "सही लागेल. घर कुणाच्या नावावर आहे?"

"सगळं मीच बघतो," कर्ट म्हणाला.

"बघणाऱ्याची नको, मालकाची हवी."

"मग इकडे आणा," बर्निसबाई म्हणाल्या.

त्यांनी हात पुसले, पण पेन घेतलं नाही. आधी त्या बाथरूमपाशी गेल्या आणि टेप ओढून काढली. मग पलंगाकडची, मग बैठकीतली. जिन्यावरची काढायला चढताना गुडघा कुरकुरला तेव्हा कठड्याला धरून क्षणभर थांबल्या. कर्ट मागेमागे होताच.

"आई, हा शुद्ध हट्टीपणा आहे."

"हट्टी तुझे बाबा होते. मी नुसती मालक आहे."

पुढच्या दारावरची टेप मात्र त्यांनी राहू दिली. "लाहती, एवढा एकच कॅमेरा लावा. तोंड बाहेर. स्क्रीन माझ्या ओट्यापाशी. कोण येतंय ते मला आधी कळायला हवं. आणि फोनची वायर आहे तशी असू द्या. त्या फोनवर मला अजून माणसं फोन करतात."

कर्टने खांदे उडवले. हट्ट पुरवल्याचा आव आणणं त्याला लहानपणापासून छान जमायचं.

दोन तासांनी दारावर कॅमेरा चढला. लाहती तळघरात जोडणी करायला उतरला आणि कर्ट फोन कानाला लावून बाहेरच्या पायऱ्यांवर गेला. खालून कसलंसं खुट्ट झालं. ओट्यापाशी स्क्रीन उजळली आणि त्यात कर्ट दिसला. कॅमेरे त्यानेच निवडून मागवले होते, आईचा खोकलाही ऐकू यावा म्हणून माइकवाले.

"नाही गं, ऐकत नाही म्हातारी," तो बायकोला सांगत होता. "बाथरूममध्ये एकदा घसरलेली दिसली असती की डॉक्टरने तिथल्या तिथे 'एकटी राहू शकत नाही' असं लिहून दिलं असतं. आता बर्फ पडायची वाट बघू. या पायऱ्या काही कमी निसरड्या नाहीत. तू घराच्या गिऱ्हाइकाला मार्चपर्यंत थांबव."

लाहती पक्कड घेऊन तळघरातून वर आला आणि दारातच थबकला. त्यानेही ऐकलं होतं.

बर्निसबाईंना रडू आलं नाही. त्यांना किळस आली, पोटच्या पोराची, तोंडातल्या घासात केस यावा तशी.

"हे साठून राहतं का हो?" त्यांनी विचारलं.

"तीस दिवस."

"इतके कशाला? वकिलाचं ऑफिस उद्या नऊला उघडतं."

त्यांनी कागदावर सही केली, पूर्ण नावाने, सावकाश.

स्क्रीनमध्ये कर्टने फोन खिशात टाकला. दाराची मूठ धरण्याआधी तो जरा थांबला, गाल ताणले आणि चेहऱ्यावर हसू चढवलं. छप्पन्न वर्षं बर्निसबाईंनी ते हसू दाराच्या आतूनच पाहिलं होतं.