भिंतीवरचे मास्क

फॅमिली डेसाठी कामगारांचे झकास फोटो काढून भिंतीवर लावायचे, ही कल्पना एचआरच्या दिव्याची. निघोज्याच्या कंपनीत तिनं काळेवाडीहून फोटोग्राफर आणला, मीटिंग रूममध्ये काळा पडदा बांधून घेतला, दिवे लावले. पहिला वेल्डर ऐटीत बसला, तेवढ्यात सेफ्टी ऑफिसर बनकर सर दारात हजर.

"हेल्मेट? गॉगल? मास्क?"

"सर, इथं कुठलं मशीन आहे?" दिव्या म्हणाली.

"फोटो भिंतीवर लागणार ना? उद्या ऑडिटवाला बघेल."

बनकर सरांपुढं कोणाची मात्रा चालत नसे. सगळ्यांचे फोटो मास्कमध्येच निघाले. ऑफिसातले म्हणून सर मात्र उघड्या चेहऱ्यानं बसले, आणि फोटोग्राफरनं काय गंमत सांगितली कोण जाणे, एरवी कधी न हसणारे ते चक्क हसले.

फॅमिली डेला ती भिंत बघून दिव्याला रडू यायचंच बाकी होतं. इतक्यात एका वेल्डरची आई, गिरजाबाई, आली आणि थेट एका मास्कपुढं थांबली. "ह्यो आमचा भीमराज. मान बघा की, बापावानी वाकडी!" बघता बघता घरोघरची पोरंही आपापल्या बापाच्या फोटोखाली सेल्फी काढू लागली.

भिरभिरत होती ती एकटी पिंकी, बनकर सरांची लेक. हसऱ्या फोटोखालीच उभी राहून तिनं विचारलं, "पप्पा, तुमचा फोटो लावलाच नाही का हो?"

सरांना हसू आवरेना. पिंकीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा वर भिंतीकडं.

"अय्या! हे तुम्हीच की!"