दर सहा महिन्यांनी

कुत्रीच्या पोटातून काढलेली गर्भाची पिशवी डॉक्टरांनी ट्रेमध्ये ठेवली, तसा ट्रे धरलेल्या कंपाउंडरचा हात वजनानं खाली गेला. पेन्सिलीएवढी बारीक असायला हवी ती पिशवी मनगटाएवढी फुगली होती. आत नुसता पू.

"वय झालं की होतंच असं," कंपाउंडर म्हणाला. "बाहेर बाईंना मी तेच सांगितलंय."

डॉक्टर टाके घालत राहिले. सकाळपासूनचं हे तिसरं ऑपरेशन, उभं राहून पायांचे तुकडे पडले होते. शेवटचा टाका घालून त्यांनी कुत्रीच्या आचळांवरून सावकाश बोटं फिरवली. दोन गाठी लागल्या. एक वाटाण्याएवढी, दुसरी लिंबाएवढी.

हात धुऊन त्यांनी कुत्रीचा केसपेपर काढला. माज थांबवायचं हार्मोनचं इंजेक्शन, दर सहा महिन्यांनी, बारा वेळा. अक्षर त्यांचंच. पहिल्या नोंदीपुढे लिहिलं होतं : नसबंदीचं ऑपरेशन सुचवलं. पुढच्या अकरा नोंदींपुढे काहीच नव्हतं.

बाकावर शिंपीणबाई बसल्या होत्या. दुकान उघडं टाकून आलेल्या, गळ्यात मोजपट्टी तशीच.

"जगेल ना हो पोर माझी?"

"जगेल. पण आचळांत गाठी आहेत, ताई. महिन्याभरानं त्याही काढू. साध्या निघतील की कॅन्सरच्या, आज सांगता येत नाही."

बाईंनी मान हलवली. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "झालं कशानं हे, डॉक्टर?"

वय म्हटलं असतं तर वेळ निभावली असती. कंपाउंडरनं वाट करूनच ठेवली होती. चहा घेऊन घरी जाता आलं असतं.

"इंजेक्शनानं," डॉक्टर म्हणाले. "माजावर येऊ नये म्हणून आपण देत होतो ना, त्यानं. ते बाहेरून दिलेलं हार्मोन. वर्षानुवर्षं दिलं की पिशवीचं अस्तर जाड होत जातं, मग एक दिवस आत पू धरतो. गाठींनाही तेच खतपाणी घालतं."



"पण मागत मीच होते. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना डाग लागायचे. गल्लीतले सगळे कुत्रे दारात ठाण मांडायचे."

"तुम्ही मागत होतात. पण मला माहीत होतं."

"सगळं?"

"सगळं. पहिल्या वेळी मी ऑपरेशन करा म्हणालो, तुम्ही घाबरलात. पुढच्या वेळी..." डॉक्टर थांबले. पुढच्या वेळी बाकावर वीस जण होते. समजवायला पंधरा मिनिटं लागतात, टोचायला दोन. "पुढच्या वेळी मी बोलायचा कंटाळा केला."

बाई गळ्यातली मोजपट्टी बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं डॉक्टरांना वाटलं.

तेवढ्यात दार ढकलून एक गृहस्थ आत आले. हातातल्या साखळीला वर्षभराची कुत्री, पायांत घोटाळणारी.

"डॉक्टर, हिला ते सहा महिन्यांचं इंजेक्शन देऊन टाका. जरा घाईत आहे."

"हिचं ऑपरेशन करून घ्या," डॉक्टर म्हणाले.

"अहो, एवढ्याशा गोष्टीला चिरफाड कशाला? माझ्या साडूच्या कुत्रीला तुम्हीच तर देता. टुणटुणीत आहे ती."

 त्या साडूची कुत्री डॉक्टरांना आठवली. ओठांवर पांढरे केस आलेली, टेबलावर चढवलं की आपण होऊन मान पुढे करणारी. कुठून सुरुवात करावी, तेच कळेना. ते खुर्चीत बसले.

बाई उठल्या.

"इकडे या," त्या गृहस्थांना म्हणाल्या, आणि बाही धरून त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या. "बाई, तिकडे नका," कंपाउंडर आडवा आला. त्याला बाजूला सारून त्यांनी ट्रेवरचं फडकं उचललं.

गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला. त्यांची कुत्री शेपूट पायांत घालून मागे सरली.

"हे... त्या सुईनं?" त्यांनी दारातून डॉक्टरांकडे पाहिलं.

"त्यांनाच विचारा," बाई म्हणाल्या. टेबलावर गुंगीत पडलेल्या कुत्रीच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला. "खोटं नाही बोलत ते. फक्त विचारावं लागतं."