सबटायटल्स गेली तेव्हा

“काकू, जरा हळू,” मी तिसऱ्यांदा म्हणाले. वेंगुर्ल्याहून दरवर्षी चित्रपट महोत्सवाला येणाऱ्या, शेजारच्या खुर्चीवरच्या काकूंना सबटायटल्सचं इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्या थेट इराणी पात्रांशीच बोलत होत्या.

मध्येच सबटायटल्स गेली. हॉलभर कुरकुर झाली, काहीजण तक्रारीला उठले. काकूंना पत्ताच नव्हता. “सुनेला वाचवायला सासरा आळ स्वतःवर घेतोय बघ,” त्या मला म्हणाल्या.

मागच्या रांगेतून हळूच प्रश्न आला, “काकू, आता सून काय म्हणाली?”

काकू सांगत राहिल्या, आम्ही ऐकत राहिलो. दहा मिनिटांनी अक्षरं परतली. सासरा पोलिसांना सांगत होता, “चोरी मीच केली.”

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधी रांग लावली आणि आत शिरताच शेजारच्या खुर्चीवर ओढणी टाकली. काकूंसाठी.